दुसऱ्यांदा आलेली मागणी

शनिवारी पहाटे पाचला मी जाड बुडाची कढई गॅसवर ठेवते. आधी तांदूळ. ते पांढरे होऊन थोडे फुलले की उतरवायचे. मग ज्वारी, मग बाजरी. बाजरी तडतडायला लागली की आच लगेच कमी करायची. हरभऱ्याच्या डाळीचा बदलता रंग डोळ्यांना दिसतो, सालासकट उडदाचा दिसत नाही. तिथे नाकावरच भिस्त. धणे-जिरे सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून, कढईच्या नुसत्या धगीवर. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं. पाच किलोला तीन तास उभं राहावं लागतं.

सोमवार ते शुक्रवार मी पुण्यातल्या एका कंपनीत लेखा विभागात काम करते. थालीपिठाची भाजणी विकून धंदा उभा राहील का, हे मला नोकरी न सोडता तपासायचं होतं. गुढीपाडव्याला सुरुवात केली आणि दसऱ्यापर्यंतची मुदत स्वतःला घालून दिली.

कढईला हात लावण्याआधी दोन कामं केली. नेमणूकपत्र काढून शब्दन्‌शब्द वाचलं. दुसरा कोणताही व्यवसाय करायचा तर कंपनीची लेखी परवानगी हवी, असं त्यात होतं. अर्ज केला, परवानगी आली, कागद जपून ठेवला. सरकारी नोकरीत असणाऱ्यांनी तर हे आधी पाहावंच. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे परवानगीशिवाय खासगी व्यापार करता येत नाही. दुसरं काम अन्नसुरक्षा नोंदणीचं. छोट्या घरगुती उद्योगाला तेव्हा वर्षाला १०० रुपये शुल्क होतं. मिळालेला चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापला, त्याखाली वजन, किंमत आणि दळल्याची तारीख.

पहिल्या खेपेची पाकिटं मी सोसायटीतल्या बारा घरांत फुकट दिली. बाराही घरांतून कौतुक आलं. पंधरा दिवसांनी त्याच बारा घरांना कळवलं, की आता अर्ध्या किलोचं पाकीट ९० रुपयांना आहे. चौघांनी घेतलं. मन खट्टू झालं, पण त्या रात्री वहीत दोन रकाने आखले: ‘आवडलं म्हणाले’ आणि ‘पैसे दिले’. महिन्याभराने तिसरा रकाना वाढवला: ‘पुन्हा मागितलं’. पहिला रकाना शेजारधर्माचा असतो. दुसऱ्यात उत्सुकता असते, ओळखीची भीडही असते. तिसऱ्यात मात्र फक्त भाजणी उरते. दसऱ्यापर्यंत तिसऱ्या रकान्यात वीस नावं आली तरच पुढे जायचं, असं त्याच पानावर लिहून तारीख टाकली. नंतर मन वळू नये म्हणून.

गिरणीत मला खूप शिकायला मिळालं. जात्यात आधीच्या दळणाचं पीठ राहतं, त्यामुळे मिरची-हळदीनंतर भाजणी टाकून चालत नाही. गिरणीवाले काका म्हणाले, “ताई, रविवारी सकाळी नऊच्या आत या. गव्हाचं दळण झालं की लगेच तुमची भाजणी घेतो.” पीठ गरमच खाली पडतं. दुसऱ्या खेपेला घाई केली आणि ते तसंच भरून पाकिटं सील केली. संध्याकाळी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दव धरलं होतं. नऊच्या नऊ पाकिटं बाजूला काढली, एकही कुणाला दिलं नाही. तेव्हापासून पीठ परातींत पसरून दोन तास गार करते, मगच भरते.

श्रावण जवळ आला तशी उपासाच्या भाजणीची मागणी सुरू झाली. एका आठवड्यात सात जणांनी विचारलं. मोह झाला. पण ज्या जात्यातून गहू-ज्वारी जाते, त्यातून दळलेलं पीठ उपासाचं म्हणून विकणं मला पटेना. घरगुती चक्की घेण्याइतका पैसा या टप्प्यावर गुंतवायचा नव्हता. सातही जणांना स्पष्ट नाही म्हटलं.

असं ‘नाही’ म्हणता आलं, ते महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होत होता म्हणून. नोकरी मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती इथे. घरभाडं भाजणीवर अवलंबून असतं तर खराब खेप मी फेकली असती का, सांगता येत नाही. वहीतले आकडेही मी मला हवे तसे वाचले असते.

ही वाट आपल्याकडे जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये नोकरीला होते, तेव्हा बेळगावात सायकलींचा धंदा सुरू होता. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत. त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकत आणि लोकांना चालवायलाही शिकवत. किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ १८८८ सालच्या याच दुकानापासून मोजतात. अहमदाबादेत १९६९ साली करसनभाई पटेलांनी गुजरात सरकारची नोकरी सांभाळून घरी धुण्याची पावडर बनवली आणि सायकलवरून दारोदार विकली. तीच पुढे ‘निरमा’ झाली. दोघांनीही गिऱ्हाईक आहे का ते आधी पाहिलं, नोकरी नंतर सोडली.

माझा पेशा हिशेबाचा, तरी एक खर्च मी तीन महिने मांडलाच नव्हता: माझे तास. पाच किलो धान्याची भाजून-दळून साधारण साडेचार किलो भाजणी होते, म्हणजे नऊ पाकिटं. धान्य, गॅस, दळणावळ, पाकिटं, लेबलं धरून एका पाकिटाला ६० रुपये पडत. विक्री ९० ला. एका खेपेला २७० रुपये सुटायचे. निवडणं, भाजणं, गिरणी, भरणं आणि घरोघरी पोचवणं मिळून नऊ तास लागायचे. म्हणजे तासाला ३० रुपये. तो आकडा पाहून मी बराच वेळ वही मिटली नाही.

किंमत १२० केली. तिघांनी घेणं थांबवलं, बाकीचे राहिले. मग पाचऐवजी दहा किलोची खेप केली. गिरणीची फेरी तेवढीच राहिली, भाजायचा वेळ मात्र दुपटीने वाढला. तेरा तासांत अठरा पाकिटं, तासाला साधारण ८३ रुपये. हिशेब सुधारला, पण शनिवार-रविवार संपूर्ण गेला. सोमवारी ऑफिसात आकड्यांवरची नजर घसरायला लागली. एका पत्रकात चूक झाली, ती वेळेत सापडली. त्या दिवशी ठरवलं, सलग दोन आठवडे खेप काढायची नाही. ज्या नोकरीच्या भरवशावर हे चाललंय, तिचं काम आधी.

दसऱ्याला तिसऱ्या रकान्यातली नावं मोजली. तेवीस. पण नावांनी मला आकड्याहून जास्त सांगितलं. मला वाटलं होतं, जुन्या चवीच्या म्हणून आजी-काकू घेतील. त्या घरी करतात. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी एकदाही विकत घेतली नाही, पण धणे कमी पडल्याचं त्यांनीच सांगितलं. पुन्हा पुन्हा मागणाऱ्या बहुतेकजणी माझ्यासारख्या निघाल्या. सकाळी साडेसातला डबा भरणाऱ्या, लहानपणी थालीपीठ खाल्लेल्या, पण भाजायला तीन तास नसलेल्या. माझं गिऱ्हाईक त्या होत्या.

धंदा आहे, हे वहीने सांगितलं. तो माझ्या एकटीच्या दोन हातांवर उभा राहणार नाही, हेही तिनेच सांगितलं. म्हणून नोकरी सोडली नाही. पुढची परीक्षा लावली. शेजारच्या इमारतीतल्या एका ताईंना रोजाने भाजायला बोलावलं. दोन शनिवार त्यांच्याजवळ उभी राहिले. बाजरीची तडतड आणि उडदाचा वास दाखवला, प्रमाण कागदावर लिहून दिलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी एकट्यांनी भाजलं. मी फक्त गिरणीत गेले. ती पाकिटं तिसऱ्या रकान्यातल्या चौघींकडे पोचवली.

पुढचे दहा दिवस महिनाअखेरीची कामं होती. ऑफिसच्या वेळात भाजणीचा फोन मी घेत नाही. अकराव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पाहिलं, तर चौघींपैकी एकीचा निरोप होता: “दोन पाकिटं पाठव. नेहमीसारखीच.”

संध्याकाळी तिचं नाव तिसऱ्या रकान्यात पुन्हा लिहिलं आणि शेजारी भाजणाऱ्या ताईंचं नाव घातलं.