त्वचेवरील शीतोपचार: गैरसमज आणि वस्तुस्थिती

त्वचेवरची नको असलेली वाढ अतिथंडीने गोठवून नष्ट करण्याच्या पद्धतीला शीतोपचार किंवा क्रायोथेरपी म्हणतात. न्यूयॉर्कचे डॉ. कॅम्पबेल व्हाइट यांनी १८९९ मध्ये त्वचाविकारांवर द्रवरूप हवा वापरली. शिकागोचे डॉ. विल्यम प्युसी यांनी १९०७ मध्ये घनरूप कार्बन डायऑक्साइड वापरला. १९५० च्या सुमारास द्रव नायट्रोजनचा वापर सुरू झाला आणि १९६० च्या दशकात तो फवारणारी, हातात धरता येणारी उपकरणे आली. चामखीळ, उन्हाने आलेले खरबरीत चट्टे, काही व्रणगाठी यांवर आजही हीच पद्धत वापरली जाते. मात्र ‘थंडीचा उपचार’ या एकाच नावाखाली बर्फाच्या खड्यापासून अंगभर थंडी देणाऱ्या कक्षापर्यंत सगळे खपते आणि गैरसमजांची सुरुवात तिथूनच होते.

गैरसमज १: बर्फ चोळणे हीसुद्धा क्रायोथेरपीच.

वस्तुस्थिती: बर्फ शून्य अंशाला वितळतो, तर द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो. त्वचेच्या वरच्या थरातील पेशी मरायला साधारण उणे २० ते उणे ३० अंश लागतात. बर्फाने फक्त रक्तवाहिन्या काही काळ आकसतात. त्यामुळे सूज, लाली आणि खाज तात्पुरती कमी होते. बर्फ फिरवल्याने चेहऱ्यावरची रंध्रे मिटतात हेही खरे नाही. त्यांना उघडझाप करणारे स्नायूच नसतात. उलट बर्फ उघड्या त्वचेवर बराच वेळ दाबून धरला, तर इजा होऊ शकते.

गैरसमज २: एकदा गोठवले की विषाणू मरतो आणि चामखीळ कायमची जाते.

वस्तुस्थिती: चामखीळ ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे येते आणि हा विषाणू द्रव नायट्रोजनच्या थंडीतही टिकतो. म्हणूनच रुग्णाला लावलेला कापसाचा बोळा पुन्हा नायट्रोजनच्या मूळ भांड्यात बुडवायचा नसतो. गोठवल्याने मरतात त्या विषाणूने ग्रासलेल्या पेशी. पुढचे काम बरेचसे शरीराच्या प्रतिकारशक्तीवर असते. त्यामुळे दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने अनेकदा उपचार करावा लागतो. तळपायाच्या चामखिळी विशेष चिवट असतात. इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंडमधील २४० रुग्णांवर झालेली चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत द्रव नायट्रोजन आणि ५० टक्के सॅलिसिलिक ॲसिड यांची तुलना होती. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत जेमतेम १४ टक्के रुग्ण पूर्ण बरे झाले होते. लहान मुलांच्या बऱ्याच चामखिळी तर वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातात.

गैरसमज ३: जास्त वेळ गोठवले की गुण जास्त.

वस्तुस्थिती: उपचार सेकंदांत मोजतात. फवाऱ्याची नळी त्वचेपासून सुमारे एक सेंटीमीटरवर धरली जाते. चामखीळ पांढरी पडते आणि तिच्याभोवती एक-दोन मिलिमीटरची पांढरी कड उमटली की तिथून सेकंद मोजायचे. जाड वाढीला साधारण १० ते २० सेकंद, पातळ चट्ट्याला त्याहून कमी. झपाट्याने गोठल्यामुळे पेशींच्या आत बर्फाचे स्फटिक तयार होतात आणि सावकाश वितळताना इजा वाढते. जाड चामखिळीला म्हणून जास्त वेळ धरण्यापेक्षा पूर्ण वितळू देऊन दुसऱ्यांदा गोठवतात. मर्यादा ओलांडली तर व्रण राहतो. बोटाच्या कडेला नसा आणि नखाच्या मुळाशी नख घडवणारा भाग असतो. तिथे चूक झाली तर बधिरता येते किंवा नख वेडेवाकडे वाढते.

गैरसमज ४: नंतर फोड आला म्हणजे उपचार चुकला.

वस्तुस्थिती: जळजळ, सूज आणि पाण्याचा, क्वचित रक्ताचा फोड येणे अपेक्षितच असते. फोड फोडायचा नाही, खपली ओढायची नाही. चेहऱ्यावरची जागा लवकर भरते, पायावरची उशिरा. वेदना आणि लाली वाढत गेली, पू आला किंवा ताप चढला, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

गैरसमज ५: थंडीने त्वचा उजळते, डाग पडत नाहीत.

वस्तुस्थिती: त्वचेला रंग देणाऱ्या पेशी थंडीला सर्वांत नाजूक, त्या उणे ४ ते उणे ७ अंशांनाच मरू लागतात. त्यामुळे चामखीळ गेली तरी तिथे पांढरा डाग राहू शकतो, काहींना काळसर कडही येते. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेवर हे डाग जास्त उठून दिसतात आणि काही वेळा कायम राहतात. चेहऱ्यावर शीतोपचार करण्यापूर्वी ही शक्यता रुग्णाला सांगणे आवश्यक असते.

गैरसमज ६: तीळ, मस, कुरूप काहीही गोठवून काढता येते.

वस्तुस्थिती: आधी निदान, मग उपचार. तिळासारखा दिसणारा डाग मेलानोमा या कर्करोगाचा असू शकतो. तो गोठवला तर वरचा भाग नाहीसा होतो, आतला रोग वाढत राहतो आणि तपासायला धड ऊतीही उरत नाही. रंग, आकार किंवा कड बदलणारा, रक्त येणारा तीळ काढून तपासावा लागतो. कुरूप दाबाने, घर्षणाने होते. चप्पल-बूट बदलले नाहीत तर ते पुन्हा येते.

गैरसमज ७: घरगुती किट म्हणजे दवाखान्यातलेच उपकरण.

वस्तुस्थिती: अशा अनेक किटमध्ये डायमिथाइल ईथर व प्रोपेन असते. त्याची थंडी फार तर उणे ५७ अंशांपर्यंत जाते आणि बोळ्यातून त्वचेवर पोचेपर्यंत आणखी घटते. हे वायू ज्वालाग्राही आहेत. किट वापरताना आग लागल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये इशारा दिला होता. पेटती समई, गॅसची शेगडी किंवा सिगारेट जवळ असताना ते उघडू नये.

गैरसमज ८: द्रव नायट्रोजन विषारी असतो.

वस्तुस्थिती: हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. गावोगावी गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी वीर्यकांड्या याच द्रवाच्या कॅनमध्ये जपल्या जातात. धोका वेगळाच आहे: एक लिटर द्रवापासून सुमारे ७०० लिटर वायू होतो. बंद खोलीत तो साठला तर प्राणवायू कमी पडून माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध होतो.

गैरसमज ९: अंगभर थंडी देणाऱ्या कक्षात सोरायसिस, एक्झिमा बरा होतो.

वस्तुस्थिती: हे कक्ष जपानमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस संधिवातासाठी वापरात आले. आजारांवरील उपचार म्हणून असे एकही उपकरण मंजूर केलेले नाही, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये स्पष्ट केले.

गैरसमज १०: औषध पोटात जात नाही, म्हणून शीतोपचार कोणालाही चालतो.

वस्तुस्थिती: थंडीने अंगावर गांधी उठणारे, थंडीत बोटे पांढरी-निळी पडणारे आणि रक्तात क्रायोग्लोब्युलिन (थंडीत साकळणारी प्रथिने) असलेले रुग्ण यांच्यावर तो सहसा टाळतात. मधुमेहामुळे पाय बधिर असतील किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, तर जखम भरत नाही आणि ती चिघळल्याचे लक्षातही येत नाही. असे आजार असतील तर ते उपचारापूर्वीच त्वचारोगतज्ज्ञांना सांगावेत.