आठवड्यातून एकाच दिवशी!

वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी प्रात्यक्षिकात आम्ही रक्तातील फॉस्फरस मोजत असू. परीक्षानळीत द्रावणे मिसळली की निळा रंग येई. रंग जितका गडद, तितका फॉस्फरस जास्त. ही 'फिस्के-सुब्बाराव पद्धत'. यातले सुब्बाराव म्हणजे १८९५ साली भीमवरम येथे जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव, हे मला फार उशिरा कळले.

हार्वर्डमध्ये फिस्के यांच्यासह त्यांनी १९२५ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. स्नायूंचा अर्क तपासताना निळा रंग एकदम न येता हळूहळू गडद होत जातो, हे त्यांच्या ध्यानात आले. दुसरा कोणी असता तर नळी नीट धुतली नसेल म्हणून सोडून देता! या दोघांनी पाठपुरावा केला आणि स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन हाती लागले. पुढे १९२९ मध्ये एटीपीचा शोध जाहीर झाला. शरीराचे हे रोजच्या खर्चाचे चलनच म्हणा ना.

एखाद्या निबंधाचा दाखला इतरांनी किती वेळा दिला, यावरून संशोधकाचे वजन ठरवण्याची रीत आहे. त्यात मोजमापाच्या पद्धती नेहमीच पुढे असतात. प्रथिने मोजण्याचा लॉरी यांचा १९५१चा निबंध २०१४च्या गणतीत तीन लाखांवर दाखल्यांनी पहिला आला. डीएनएची रचना सांगणारा वॉटसन-क्रिक यांचा निबंध पहिल्या शंभरातही नव्हता. सुब्बारावांच्या पद्धतीलाही हजारो दाखले मिळाले. हार्वर्डने मात्र त्यांना कायमची जागा दिली नाही.

१९४० साली ते लेडर्ले या औषध कंपनीत गेले. तेथे त्यांच्या चमूने फोलिक ॲसिड तयार केले, हत्तीरोगावरचे डीईसी औषध काढले. आपल्या गडचिरोली-चंद्रपूरकडे सामुदायिक मोहिमेत देतात, तीच ही गोळी. फोलिक ॲसिडचे काम अडवणारी औषधेही त्यांनी बनवली. त्यातल्या ॲमिनोप्टेरिनने डॉ. फार्बर यांच्या रक्तकर्करोगाच्या १६ बालरुग्णांपैकी १० जणांना काही काळ उतार पडला. हे जून १९४८ मध्ये छापून आले. ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले.

त्याच घराण्यातले मेथोट्रेक्सेट आज संधिवातासाठी (आमवातासाठी) सर्रास देतात. वाचकहो, इथे नीट लक्ष द्या. संधिवातात हे औषध आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यायचे असते. दुखणे वाढले म्हणून, किंवा बाकीच्या गोळ्यांबरोबर सवयीने, काही रुग्ण ते रोज घेऊ लागतात. मग तोंड सोलवटते, ताप येतो, रक्तातील पेशी घटतात, जिवावरही बेतते. असे काही दिसल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून सोबत फोलिक ॲसिड देतात, तेही बहुधा वेगळ्या दिवशी. गरोदरपणात, किंवा मूल हवे असताना, हे औषध चालत नाही. आधी डॉक्टरांशी बोलावे.

माझ्या रुग्णांना मी चिठ्ठीवर 'दर सोमवारी' असे मराठीत, अक्षरी लिहून देतो. घरात आजी-आजोबांच्या गोळ्या जो काढून देतो, त्यालाही तो वार माहीत असू द्या.