क्षयरुग्ण गोळ्या मध्येच का सोडतो? डॉक्टर आणि मानववंशशास्त्रज्ञ असलेल्या पॉल फार्मर यांनी शोधलेलं उत्तर

क्षयाचा रुग्ण औषध मध्येच सोडतो तेव्हा दवाखान्यात म्हणतात, अडाणी आहे. संस्कृतीचे अभ्यासक म्हणतात, त्याच्या श्रद्धा वेगळ्या आहेत. अमेरिकेचे डॉ. पॉल फार्मर स्वतः डॉक्टर होते आणि मानववंशशास्त्रज्ञही. त्यांना दोन्ही उत्तरं पटली नाहीत.

हार्वर्ड विद्यापीठातून वैद्यकीय पदवी आणि मानववंशशास्त्रातली पीएच.डी. त्यांनी १९९० साली एकदमच मिळवली. शिकत असतानाही त्यांचा मुक्काम बहुतेक हैतीतल्या कांज या वस्तीत असे; परीक्षा आली की बोस्टनला परत. १९८७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर 'पार्टनर्स इन हेल्थ' ही संस्था उभी केली. कांज म्हणजे धरणात जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांची डोंगरावरची वस्ती. धरणग्रस्त म्हणजे काय, हे हिडकलच्या परिसरात वेगळं सांगायला नको.

क्षय कुणाच्या तरी करणीमुळे होतो, असं तिथल्या अनेकांना वाटे. म्हणूनच लोक गोळ्या सोडत असणार, असा तर्क सोपा होता. फार्मर यांनी तो तपासून पाहिला. रुग्णांचे दोन गट केले. औषध दोघांनाही फुकट; पण दुसऱ्या गटाला दरमहा थोडे रोख पैसे, सकस आहार आणि गावातल्याच आरोग्यसेवकाची घरी फेरी. पहिल्या गटातले जेमतेम निम्मे रुग्ण बरे झाले. दुसऱ्यातले सगळे! आणि करणी मानणारेही गोळ्या नेमाने घेत होते. अडचण श्रद्धेची नव्हतीच, पोटाची होती.

स्थानिक क्रेओल भाषा शिकून, लोकांच्या घरी बसून ऐकल्यामुळे प्रश्न सापडला. तो मोजता आला वैद्यकामुळे. एकाच पदवीवर हे भागलं नसतं. पुढे हार्वर्डमध्ये ते जागतिक आरोग्य आणि सामाजिक वैद्यक विभागाचे प्रमुख झाले. २०२२ मध्ये रवांडात, वयाच्या ६२ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

आपल्याकडेही हा धागा दिसतो. मंगळूरच्या येनेपोया वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. अनुराग भार्गव आणि सहकाऱ्यांनी झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबांना शिधा दिला. त्या घरांत नव्या क्षयाचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटलं. केंद्राच्या निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून रुग्णाला महिना ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. हे पैसे खात्यावर उशिरा पडतात, अशा तक्रारी अनेक राज्यांत आहेत. घोळ बँकेत आहे, कागदपत्रांत आहे, की रुग्ण कामासाठी हद्द ओलांडून दुसऱ्या राज्यात गेलाय, हे मात्र त्याच्या घरी जाऊन, त्याच्या भाषेत विचारल्याशिवाय कळत नाही.