पाण्यातून पेटणारा कोळसा

अग्नी आणि पाणी यांचे वैर सर्वांस ठाऊक आहे. पेटत्या चुलीत पाणी सांडले की चूल विझते आणि घर धुराने भरते. असे असताना कोळशात मुद्दाम पाणी कालवून तो भट्टीत जाळतात आणि त्यामुळे काळा धूर कमी होतो, असे कोणी सांगितल्यास आमच्या विद्यार्थ्यांना ती थट्टाच वाटेल. परंतु ही गोष्ट खरी आहे. ती कशी घडते आणि कोठवर खरी आहे, हे येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

विषय दूरचा नाही. आपले कडोदरा सुरत-बारडोली रस्ता आणि मुंबई-दिल्ली महामार्ग यांच्या चौकात वसले आहे. सभोवार कापड रंगविण्याचे व छापण्याचे कारखाने आहेत. रंग तापविण्यास आणि कापड वाळविण्यास वाफ लागते; ती बॉयलरात तयार होते आणि पुष्कळ बॉयलरांत कोळसा जळतो. आपल्यापैकी कित्येकांचे वडील, काका वा थोरले बंधू याच कारखान्यांत पाळी करून घरी येतात. वाळत घातलेल्या कपड्यांवरची काजळी झटकता येते. श्वासाबरोबर छातीत गेलेली झटकता येत नाही.

काळा धूर म्हणजे बव्हंशी न जळलेले इंधन होय. कोळशाच्या ढेकळास हवा केवळ बाहेरून लागते. शिवाय भट्टीत एकदम बराच कोळसा लोटला की आतील उष्णता उतरते व कोळशातून निघणारे ज्वालाग्राही वायू पुरते न जळताच धुराड्यातून निघून जातात. यावरून दोन नियम निघतात: इंधन बारीक असावे आणि ते थोडे थोडे पण अखंड द्यावे. तेलासारखे द्रव इंधन हे दोन्ही नियम सहज पाळते. कोळशासही द्रवाप्रमाणे वागावयास लावण्याची युक्ती म्हणजे कोळशाची स्लरी. शेतकरी शेण व पाणी कालवून शेणकाला करतो, तसाच हा कोळशाचा काला.

त्यात वजनाने सुमारे ६० ते ७० टक्के कोळसा, उरलेले पाणी आणि सुमारे एक टक्का रासायनिक द्रव्य असते. फिरत्या पिंपात पोलादी गोळ्यांखाली कोळसा पिठासारखा दळतात. मात्र सर्व कण एकाच आकाराचे असून चालत नाही. घरी एक प्रयोग करून पाहा. भांडे हरभऱ्यांनी काठोकाठ भरा. त्यावर मोहरी ओता. हरभऱ्यांमधील पोकळ्यांत बरीच मोहरी मावते. त्याचप्रमाणे जाड कणांच्या मधल्या जागा बारीक कणांनी भरल्या म्हणजे थोड्या पाण्यात पुष्कळ कोळसा मावतो आणि तरीही मिश्रण वाहते राहते.

दुसरी अडचण गाळ बसण्याची. आमच्या कोकणी घरांतून घावन घालताना प्रत्येक वेळी पीठ तळापासून ढवळावे लागते, नाही तर तांदळाचे पीठ खाली आणि पाणी वर राहते. कोळशाचेही तसेच होते. वर सांगितलेले द्रव्य कणांचे गोळे होऊ देत नाही आणि त्यांना लवकर तळाशीही बसू देत नाही.

तयार काला पंपाने नळीतून भट्टीकडे नेतात. तोटीच्या तोंडाशी दाबाखालील हवा किंवा वाफ त्याचे बारीक तुषार उडविते. भट्टी आधी तेलाने वा वायूने तापवून लाल केलेली असते. तुषारातील पाणी क्षणात उडून जाते, मग कोळशातील वायू पेट घेतात आणि शेवटी उरलेला कर्ब जळतो. कोळशाचे कण तोटी झिजवितात, म्हणून तिचे तोंड अतिशय कठीण पदार्थाचे करावे लागते.

या पाण्याची किंमत किती? एक किलो काल्यात ३५ टक्के पाणी धरू. तेवढ्या पाण्याची वाफ होण्यास सुमारे २१० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. मध्यम प्रतीच्या ६५० ग्रॅम कोळशापासून सुमारे ३,६०० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे शंभरातील सहा भाग पाण्याने खाल्ले. मोबदल्यात कोळशाची धूळ उडत नाही, ढीग आपोआप पेटत नाही आणि ज्वालेचे तापमान उतरल्याने नायट्रोजनची अपायकारक ऑक्साइडेही कमी निर्माण होतात. परंतु कोळशातील गंधक व राख पाण्याने नाहीशी होत नाहीत. उलट बारीक राख धुराबरोबर उडते. ती कापडी पिशव्यांच्या गाळणीने वा विजेच्या साहाय्याने अडवावीच लागते.

पाणी जेथे दुर्मीळ आहे तेथे आणखी विचार हवा. अमेरिकेतील अ‍ॅरिझोनात १९७० ते २००५ पर्यंत सुमारे ४४० किलोमीटर लांबीच्या नळातून कोळसा पाण्याबरोबर वीजकेंद्रापर्यंत वाहून नेत असत. त्यासाठी भूगर्भातील पाणी उपसले जाई आणि त्यावरून तेथील होपी व नावाहो लोकांत मोठा असंतोष होता.

लाकडाचा भुसा किंवा चिपाड यांचा असा काला करणे कठीण. ते पाणी शोषून लगदा होतात. पण महाराष्ट्रातील साखर कारखान्यांनी एक वेगळी वाट धरली आहे. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना आठ ते पंधरा लिटर काळे सांडपाणी निघते. ते ओढ्यात गेले की मासे मरतात. कित्येक ठिकाणी ते आटवून सुमारे ६० टक्के घन होईपर्यंत दाट करतात आणि कोळसा अथवा बगॅस यांच्या जोडीने बॉयलरात फवारून जाळतात. त्याच्या राखेत पालाश असल्याने तिचे खत होते. मात्र तोच पालाश राख चिकट करतो व ती बॉयलरच्या नळ्यांना धरून बसते. त्या वरचेवर साफ कराव्या लागतात.

प्रत्येक कारखान्यास नवी यंत्रे परवडतील असे नाही. परंतु बारीक, बेताचे व अखंड इंधन देण्याचा नियम साध्या बॉयलरासही लागू आहे. २०१९ साली सुरत परिसरात सूक्ष्म धूलिकणांसाठी बाजार सुरू झाला. धुराड्यांवर अखंड मोजणारी यंत्रे बसविली गेली, एकूण कणांना मर्यादा घातली गेली आणि कमी कण सोडणाऱ्यास उरलेला परवाना विकण्याची मुभा मिळाली. या योजनेतील कारखान्यांचे धूलिकण इतरांच्या मानाने २० ते ३० टक्के कमी झाल्याचे अभ्यासकांस आढळले. धुराची मोजदाद झाली की भट्टीकडे लक्ष जाते, हे त्यावरून दिसते.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, बॉयलरवर काम करणारे कोणी आपल्या घरी असतील, तर इंधन केव्हा, किती आणि कसे द्यावयाचे हे त्यांना अवश्य विचारा. भट्टीचे तोंड सांभाळणे हे केवळ अंगमेहनतीचे काम नसून ती एक विद्या आहे, आणि साऱ्या गावाचा श्वास तिच्यावर अवलंबून आहे.