एक आधी आली, एक थांबून आली

बाजारात जो आधी पोहोचतो त्याचे दुकान चालते, असा व्यापाऱ्यांमध्ये एक समज आहे. उशिरा का होईना, पण पारखून माल आणणाराही टिकतो, असा दुसरा. जपानच्या दोन नामवंत मोटारसायकलींचा इतिहास या दोन्ही समजांना आधार देतो. एक होंडाची सीबी 750, दुसरी कावासाकीची झेड 1.

ऑक्टोबर 1968 मध्ये टोकियोच्या वाहन प्रदर्शनात होंडाने आपली नवी गाडी मांडली. 736 घनसेंटीमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन, 67 अश्वशक्ती, पुढील चाकाला डिस्क ब्रेक आणि बटण दाबताच सुरू होण्याची सोय. त्याच वर्षी आलेल्या ब्रिटनच्या तीन सिलिंडरच्या मोठ्या गाड्यांना ड्रम ब्रेक होते व त्या किक मारून सुरू कराव्या लागत. अमेरिकेत होंडाने किंमत ठेवली 1,495 डॉलर.

एवढा उत्तम माल हाती असूनही होंडाने सावधपणा सोडला नाही. वर्षाला 1,500 गाड्या खपतील, असा अंदाज होता. म्हणून पहिल्या सुमारे 7,000 गाड्यांची इंजिन-कवचे मोठ्या उत्पादनाच्या महागड्या साच्यांऐवजी कमी खर्चाच्या पद्धतीने ओतली गेली. मागणी मात्र अशी आली की वर्षाचा आकडा महिन्याचा झाला आणि पुढे तोही दुप्पट करावा लागला. मागणी सिद्ध झाल्यावरच साच्यांत भांडवल गुंतले. आज संग्राहक त्या पहिल्या गाड्यांनाच सर्वाधिक मोल देतात.

खरी कसोटी लागली ती कावासाकीची. जहाजबांधणीतून वाढलेल्या या उद्योगसमूहाचे अभियंतेही तेव्हा चार सिलिंडरच्या 750 गाडीवरच काम करीत होते. होंडाची गाडी पाहून त्यांच्यापुढे दोनच मार्ग उरले: तशाच दुसऱ्या गाडीने बाजारात उतरणे किंवा झालेला खर्च सोसून थांबणे. त्यांनी थांबणे पत्करले. मात्र थांबणे म्हणजे रिकामे बसणे नव्हे. 1969 मध्ये आलेल्या तीन सिलिंडरच्या 500 गाडीने मधल्या काळात त्यांचे नाव बाजारात राखले.

1972 मध्ये झेड 1 अवतरली. 903 घनसेंटीमीटर, दोन कॅमशाफ्ट, 82 अश्वशक्ती. किंमत 1,895 डॉलर, म्हणजे होंडाच्या मूळ किमतीहून 400 डॉलर अधिक; तरीही ग्राहक आले. खुद्द जपानमध्ये 750 हून मोठ्या गाड्या न विकण्याचा उत्पादकांचा संकेत असल्याने तेथे 746 घनसेंटीमीटरची निराळी आवृत्ती काढावी लागली.

मग श्रेष्ठ कोणती? सौम्य चाल आणि रोजचा भरवसा पाहणारा होंडाकडे बोट दाखवील. इंजिनाची ताकद पाहणारा कावासाकीकडे; पण अतिवेगात तिची चौकट इंजिनाला पुरी पडत नाही, हेही त्याला मान्य करावे लागेल. अनेकान्ताचा संस्कार लाभलेल्या वाचकाला या उत्तराचे नवल वाटू नये. दोन्ही विधाने आपापल्या अपेक्षेने खरी आहेत.

अर्धे झालेले काम बाजूला ठेवण्याचे धैर्य ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. त्या वर्षीच्या हिशेबात तो निव्वळ खर्च दिसतो. त्याची जमा बाजू कावासाकीला चार वर्षांनी दिसली.