शरणागती म्हणजे संमती नव्हे

भारतातील स्त्री चळवळीच्या अलीकडच्या इतिहासात १९८० हे वर्ष वळणाचे मानले जाते, आणि त्या वळणाच्या मुळाशी कायद्याच्या चार अध्यापकांनी १६ सप्टेंबर १९७९ रोजी देशाच्या सरन्यायाधीशांना लिहिलेले एक खुले पत्र आहे. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर अशी त्या चौघांची नावे असून पत्र स्वीकारणारे सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड हे होते. सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल कायद्याच्या आणि माणुसकीच्या दोन्ही कसोट्यांवर चुकला आहे, असे त्यांनी स्वतःच्या सहीनिशी लिहिले. न्यायालयाच्या अवमानाची धास्ती असलेल्या त्या काळात असे लिहिणे हे मोठेच धाडस होते. परंतु या पत्राचे महत्त्व केवळ धाडसात नाही. दूरच्या तालुक्यातील एका निराधार मुलीची बाजू तर्कशुद्ध भाषेत मांडता येते आणि ती मांडणी रस्त्यावरच्या चळवळीचे शस्त्र होऊ शकते, हे त्याने दाखवून दिले.

मूळ घटना २६ मार्च १९७२ च्या रात्रीची आहे. तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलिस ठाण्यात एका आदिवासी मुलीला, तिच्या भावाने दिलेल्या तक्रारीच्या संदर्भात, जबाबासाठी आणण्यात आले होते. आईवडील ती लहान असतानाच वारलेले, भाऊबहीण दोघेही मजुरीवर पोट भरणारी आणि वैद्यकीय तपासणीप्रमाणे तिचे वय चौदा ते सोळा वर्षांच्या दरम्यान, अशी तिची स्थिती होती. जबाब संपल्यावर सोबतची माणसे बाहेर आणि ती एकटी आत असताना ठाण्यातील एका शिपायाने तिच्यावर बलात्कार केला व दुसऱ्या हवालदाराने तिच्या अंगाशी झोंबाझोंबी केली, अशी फिर्याद होती. कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत हे प्रकरण आजही त्या मुलीच्या नावाने शिकवले जाते. या लेखात ते नाव मुद्दामच घेतलेले नाही आणि त्याचे कारण पुढे येईल.

चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोघांनाही निर्दोष सोडले. मुलीला पूर्वी शरीरसंबंधाचा अनुभव होता, म्हणून ठाण्यात घडले तेही तिच्या मर्जीनेच घडले असावे, असा त्या निकालाचा रोख होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये हा निकाल फिरवून शिपायाला पाच वर्षांची आणि हवालदाराला एक वर्षाची शिक्षा दिली, आणि ती देताना एक मूलभूत भेद स्पष्ट केला: भीतीमुळे किंवा धमकीमुळे माणूस निमूटपणे शरण जातो तेव्हा ती संमती ठरत नाही, कारण संमतीसाठी नकार देण्याची मोकळीक आधी असावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १५ सप्टेंबर १९७८ रोजी ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या अपिलात ही शिक्षा रद्द केली. मुलीच्या शरीरावर जखमांच्या खुणा नाहीत, तिने आरडाओरडा केल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही, त्या अर्थी प्रतिकार झाला नाही आणि प्रतिकार नव्हता त्या अर्थी संमती होती, अशी त्या निकालाची साखळी होती.

खुल्या पत्राने या साखळीची एकेक कडी तपासली. शरणागती आणि संमती यांतला जो भेद उच्च न्यायालयाने नेमका ओळखला होता, तो सर्वोच्च न्यायालयाच्या नजरेतून निसटलाच कसा, हा पत्रलेखकांचा पहिला प्रश्न होता. संमतीत शरणागती असू शकते, परंतु प्रत्येक शरणागतीत संमती असतेच असे नाही, हे साधे तर्कशास्त्र त्यांनी मांडले. त्यानंतर त्यांनी न्यायाधीशांचे लक्ष मुलीच्या परिस्थितीकडे वळवले: तिचे वय, तिचे दारिद्र्य, हक्कांविषयीचे अज्ञान, वकिलापर्यंत पोहोचण्याची अशक्यता आणि ठाण्यात पाऊल टाकताच गरीब माणसाच्या मनात दाटणारी दहशत यांतल्या कशाचीही दखल निकालाने घेतली नव्हती. ज्यांच्या हाती कायद्याचा दंडा आहे त्यांच्याच ताब्यात असलेल्या मुलीने किती ओरडावे, ओरडली तर ऐकणारे कोण, आणि ऐकणाऱ्याने तरी काय करावे, या प्रश्नांची उत्तरे शरीरावरच्या ओरखड्यांत सापडणार नव्हती. स्त्रियांना चौकशीसाठी ठाण्यात बोलावण्याच्या प्रथेवर याच सर्वोच्च न्यायालयाने ‘नंदिनी सत्पथी’ प्रकरणात या निकालाच्या अवघ्या काही महिने आधी कठोर ताशेरे ओढले होते, याची आठवणही पत्राने करून दिली. प्रकरण मोठ्या खंडपीठापुढे पुन्हा ऐकले जावे, अशी पत्रलेखकांची मागणी होती.

पत्र लिहिणाऱ्यांचे आधीचे आणि नंतरचे कार्य पाहिले तर ही तडफ आकस्मिक नव्हती, हे ध्यानात येते. लोतिका सरकार या भारतातील स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या शासकीय समितीच्या सदस्य होत्या, आणि त्या समितीचा १९७४ चा ‘टुवर्ड्स इक्वॅलिटी’ हा अहवाल म्हणजे स्वातंत्र्यानंतर स्त्रियांच्या पदरात प्रत्यक्षात काय पडले, याचा पहिला सविस्तर हिशेब होता. वसुधा धागमवार यांनी पुढे आदिवासी आणि वंचितांपर्यंत कायद्याचे ज्ञान नेण्यासाठी ‘मार्ग’ ही संस्था उभारली. विद्यापीठात बसून कायदा शिकवणारी ही माणसे कायदा ज्यांच्यापर्यंत पोहोचत नाही त्यांचाही विचार करत होती.

पत्राच्या प्रती हातोहात फिरल्या, वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली आणि १९८० च्या आरंभी मुंबईत ‘फोरम अगेन्स्ट रेप’ या गटाची स्थापना झाली. पुढे हाच गट आपले कार्यक्षेत्र विस्तारून ‘फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन’ या नावाने काम करू लागला. नागपुरात सीमा साखरे यांनी स्त्री अत्याचार विरोधी परिषदेच्या माध्यमातून हाच प्रश्न लावून धरला. घटनास्थळ विदर्भातले असल्याने नागपूरच्या कार्यकर्त्यांचा आवाज विशेष अर्थपूर्ण होता. ८ मार्च १९८० रोजी, आंतरराष्ट्रीय महिला दिनी, देशातील अनेक शहरांत फेरसुनावणीच्या मागणीसाठी मोर्चे निघाले. महाराष्ट्रात स्त्रियांचे मोर्चे नवे नव्हते. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखालील महागाईविरोधी आंदोलनात हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्याला तेव्हा फार वर्षे लोटली नव्हती. तथापि, नव्या गटांचे स्वरूप निराळे होते. कोणत्याही राजकीय पक्षाची आघाडी म्हणून काम न करता स्वतःचे निर्णय स्वतः घेणारे हे गट ‘स्वायत्त’ म्हणवले जात, आणि घरात व समाजात ज्याविषयी मौन पाळले जाई तो लैंगिक हिंसेचा विषय त्यांनी पथनाट्ये, पत्रके आणि सभा यांतून उघडपणे चर्चेला आणला. बलात्कार ही स्त्रीची अब्रू जाण्याची घटना नसून सत्तेच्या जोरावर तिच्या शरीरावर आणि हक्कांवर केलेला हल्ला आहे, ही मांडणी मराठी सार्वजनिक जीवनात रुजवण्याचे श्रेय या पिढीला दिलेच पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कायम राहिला. त्या मुलीला न्यायालयाकडून काहीही मिळाले नाही. परंतु १९७८ मध्ये हैदराबादेत आणि १९८० च्या जूनमध्ये उत्तर प्रदेशातील बागपत येथे पोलिसांच्या हातून घडलेल्या अत्याचारांनी लोकक्षोभ वाढवला, आणि कायदा बदलण्यावाचून सरकारपुढे मार्ग उरला नाही. विधी आयोगाने १९८० मध्ये आपला ८४ वा अहवाल दिला, त्याच वर्षी संसदेत विधेयक आले आणि १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. पोलिस, सरकारी नोकर, तुरुंग किंवा रुग्णालयाचे कर्मचारी अशा, स्त्री ज्यांच्या ताब्यात किंवा अधिकाराखाली असते, त्यांनी केलेल्या बलात्काराला, म्हणजेच ‘कोठडीतील बलात्कारा’ला, किमान दहा वर्षांची शिक्षा ठरवण्यात आली. पुरावा कायद्यात ‘कलम ११४ अ’ घालण्यात आले. फौजदारी खटल्यात आरोप सिद्ध करण्याची सर्व जबाबदारी सरकारपक्षावर असते, परंतु या कलमानुसार कोठडीतील प्रकरणात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि आपली संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे आणि तसे नसल्याचे आरोपीने दाखवावे, असे ठरले. देसाईगंजच्या खटल्यात हे कलम अस्तित्वात असते तर निकाल वेगळा लागण्याची शक्यता पुष्कळ होती.

तरीही १९८३ च्या दुरुस्तीला पूर्ण यश म्हणता येत नाही. स्त्रीच्या पूर्वायुष्यावर बोट ठेवून तिची साक्ष अविश्वसनीय ठरवण्याची मुभा देणारी पुरावा कायद्यातील तरतूद काढण्याची मागणी तेव्हा मान्य झाली नाही. ती वगळली जायला २००३ साल उजाडावे लागले. मुंबईच्या वकील आणि ‘मजलिस’ या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या फ्लाव्हिया अ‍ॅग्नेस यांनी १९८० च्या दशकातील स्त्रीविषयक कायद्यांचा आढावा घेताना असे दाखवले, की शिक्षा वाढवणे सरकारला सोपे जाते, पण तपास, साक्ष आणि न्यायाधीशांची दृष्टी यांत बदल घडवण्याकडे ते पाठ फिरवते. ही टीका चळवळीच्या आतून आली, म्हणून तिचे मोल अधिक आहे.

१९८३ च्या याच दुरुस्तीने पीडित स्त्रीची ओळख प्रसिद्ध करणे हा गुन्हा ठरवला. जिच्यामुळे हे संरक्षण देशातल्या स्त्रियांना लाभले, तिचे स्वतःचे नाव मात्र तोवर फलकांवर, घोषणांत आणि लेखांत सर्वत्र झाले होते. कार्यकर्त्यांचा हेतू शुद्ध होता यात शंका नाही. परंतु एखाद्या स्त्रीच्या दुःखाभोवती एकजूट उभारताना तिची परवानगी कोणी घ्यायची, लढ्याचे निर्णय कोणी करायचे आणि मोर्चा पांगल्यावर तिच्या रोजगाराची व सुरक्षिततेची चिंता कोणी वाहायची, हे प्रश्न स्त्रीवादी भगिनीभावाच्या, म्हणजे जात, वर्ग आणि प्रदेश ओलांडून स्त्रियांनी एकमेकींच्या बाजूने उभे राहण्याच्या, कल्पनेला टाळता येत नाहीत. देसाईगंजची मुलगी आदिवासी होती, तर चळवळीचे नेतृत्व प्रामुख्याने शहरी, शिक्षित आणि उच्चवर्णीय होते. पुण्याच्या समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये, गोपाळ गुरू यांच्या आधीच्या मांडणीला प्रतिसाद देताना, दलित स्त्रियांच्या अनुभवाच्या जागेवरून सगळ्याच स्त्रीवादाने जग नव्याने पाहावे, असा आग्रह धरला. तो आग्रह किती रास्त होता, हे भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत सप्टेंबर २००६ मध्ये एका दलित कुटुंबातील चौघांच्या हत्येनंतर दिसले. प्रसारमाध्यमांना त्या हत्याकांडाचे गांभीर्य कळायला आठवडे लागले, पहिला मोठा निषेध दलित वस्त्यांमधून उठला, आणि खटल्यात अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा लागूच झाला नाही. लिंग आणि जात यांना वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवणारी एकजूट अशा ठिकाणी अपुरी पडते, हे मान्य केले पाहिजे.

डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने अवघ्या महिनाभरात अहवाल दिला, आणि २०१३ च्या दुरुस्तीने संमतीची व्याख्या प्रथमच कायद्यात लिहिली गेली. शब्दांनी, हावभावांनी किंवा अन्य कोणत्याही प्रकारे स्त्रीने स्पष्टपणे आणि स्वेच्छेने दिलेली मान्यता म्हणजे संमती, आणि तिने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती गृहीत धरता येणार नाही, असे ती व्याख्या सांगते. चौघांच्या पत्रातील मुख्य मुद्दा कायद्याच्या मजकुरात उतरायला चौतीस वर्षे लागली. देसाईगंजच्या मुलीविरुद्ध वापरल्या गेलेल्या पूर्वानुभवाच्या युक्तिवादाला वैद्यकीय आधार पुरवणारी ‘टू फिंगर टेस्ट’ ही अपमानास्पद तपासणी यापुढे करणाऱ्याला गैरवर्तनाबद्दल दोषी धरले जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये बजावले. विवाहांतर्गत बलात्काराचा अपवाद मात्र १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी मे २०२२ मध्ये त्यावर परस्परविरोधी निकाल दिल्यानंतर हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. लग्न म्हणजे कायमची संमती, हे त्या अपवादामागचे गृहीतक १९७८ च्या निकालातील गृहीतकाचेच भावंड आहे, आणि ते टिकवण्याला कोणताही न्याय्य आधार नाही.

राहिला प्रश्न देसाईगंजच्या मुलीला जिथे आणले गेले त्या ठाण्याचा. स्त्रीला चौकशीसाठी तिच्या राहत्या जागेखेरीज अन्यत्र येण्यास भाग पाडता येत नाही, हा नियम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ मध्ये कायम आहे. मात्र तिची स्वतःची तयारी असल्यास तिला ठाण्यात येऊ देता येईल, अशी जोड त्याला देण्यात आली आहे. ही तयारी खरी की दबावाखालची, हा प्रश्न प्रत्येक ठाण्याच्या दारात उभा राहणार आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अपवादात्मक परिस्थितीखेरीज स्त्रीला अटक करता येत नाही, आणि विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात त्यासाठी अर्ज करता येतो. वाचकांनी ही माहिती आपल्या घरी धुण्याभांड्यांना येणाऱ्या, शेतावर मजुरीला जाणाऱ्या आणि पाड्यावर राहणाऱ्या स्त्रियांपर्यंत स्वतः पोहोचवावी.