पदवी कीं अनुभव?

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याच्या व्यवसायांत ज्यांच्या घरचें कोणीच नाहीं असे वाचक आतां थोडेच असतील. त्यामुळें एक वाद घरोघर ऐकूं येतो. वडील म्हणतात, आधीं शास्त्र पक्कें होऊं द्या. चिरंजीव म्हणतात, प्रत्यक्ष काम केलेल्यासच बाजारांत किंमत! नोकरीच्या जाहिरातींतून ‘दोन वर्षांचा अनुभव’ मागितलेला असतो, तेव्हां चिरंजीवांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हे. आमचाहि कौल बराचसा त्यांच्याकडेच आहे. मात्र तो एका अटीवर, आणि ती अट समजण्यासाठीं एका उदाहरणाचा विस्तार करणें भाग आहे.

कोशांत शब्द शोधतांना आपण पहिल्या पानापासून वाचीत बसत नाहीं. मध्यें कोठेंतरी उघडतों, शब्द पुढें आहे कीं मागें तें पाहतों, आणि उरलेल्या भागाचा पुनः मध्य काढतों. संगणकाची ‘बायनरी सर्च’ ती हीच. ही रीत १९४६ सालीं प्रसिद्ध झाली. परंतु तिचा निर्दोष प्रोग्रॅम छापून यावयास १९६२ साल उजाडलें! जॉन बेंटली यांनीं बेल लॅब्ज व आय. बी. एम. येथील वर्गांत मुरलेल्या प्रोग्रॅमरांस हाच प्रोग्रॅम लिहावयास दिला. दोनेक तासांचा अवकाश असूनहि शेंकडा नव्वद जणांच्या कृतींत दोष निघाला. केवळ नोकरीचीं वर्षें मोजून भागत नाहीं तें असें.

पण विद्येचीहि गोष्ट ऐका. बेंटली यांनीं ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’ या आपल्या ग्रंथांत या प्रोग्रॅमची बिनचूकता तर्कानें सिद्ध करून दाखविली. त्याच धर्तीवर जोशुआ ब्लॉक यांनीं तो जावा भाषेसाठीं लिहिला, व सुमारें नऊ वर्षें तो बिनतक्रार चालला. पुढें कोणाचें तरी काम त्यामुळें मोडलें, आणि २००६ सालीं ब्लॉक यांनींच दोष जाहीर केला. मध्य काढावयाचा म्हणून दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज निम्मी करावयाची. परंतु ३२ बिटांच्या पूर्णांकांत २१४ कोटी ७४ लक्ष ८३ हजार ६४७ हून मोठी संख्या मावत नाहीं. यादी १०७ कोटींच्या वर गेली कीं बेरीज ओसंडून ऋण होऊं शकते! कागदावरील संख्येस सीमा नसते, यंत्रांतील संख्येस असते. सिद्धता मांडतांना तेवढेंच निसटलें होतें.

दोष उघडकीस आला तो प्रत्यक्ष वापरांत. पण यंत्रांत संख्या कशा सांठवितात हें ज्यास ठाऊक नाहीं, तो यादीचे दोन तुकडे करून निर्धास्त घरीं गेला असता. आमची अट ती हीच : मोडलेल्या कामाचें कारण शोधण्याइतकी विद्या जवळ असावी. ती असल्यास दोन वर्षांची उमेदवारी कॉलेजच्या चार वर्षांहून अधिक शिकवील. म्हणून मुलाच्या वा मुलीच्या पहिल्या नोकरीचा विचार करतांना पगाराबरोबर हेंहि विचारावें कीं, चूक सांपडल्यावर ती कां झाली हें पाहावयास तेथें वेळ देतात काय.

नुसत्या अनुभवावर विसंबण्याची किंमत युरोपनें ४ जून १९९६ रोजीं मोजली. एरियन-४ या अग्निबाणांत कसोटीस उतरलेला प्रोग्रॅम नव्या एरियन-५ मध्यें तसाच घेतला होता. नव्याचा आडवा वेग अधिक. ती संख्या १६ बिटांत मावेना. पर्यायी यंत्रणेंतहि तोच प्रोग्रॅम असल्यामुळें तीहि बंद पडली, आणि सुमारें ४० सेकंदांत अग्निबाण नष्ट झाला. ज्या गणनेंत हें घडलें तिचा एरियन-५ ला उड्डाणानंतर कांहींच उपयोग नव्हता. जुन्याशीं सारखेपणा राहावा म्हणून ती चालूं ठेवली होती.